कडेपासून निघालेला तडा

"दादा, काच मधून पुसानी शे. ती उघडस कोठून?"

शहाद्याच्या एका शिक्षिकाबाईंचा हा फोन मी मरेपर्यंत विसरणार नाही. बिचाऱ्या चार दिवस खिडकी पुसत होत्या. बाहेरून पुसली, घरातून पुसली, कागद ओला करून घासली, तरी धुकं काही हटेना. मी हसू दाबत म्हटलं, "बाई, तुम्ही पुसताय त्या जागी ते धुकं नाहीच. ते दोन काचांच्या मधे बसलंय."

"मंग मधे हात कसा घालू मी?"

हा माझा धंदा. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करतो त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण गेल्या काही वर्षांत आमच्या नंदुरबार जिल्ह्यातसुद्धा डबल काचेचं वेड आलं आणि माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या अंगात पुन्हा वारं भरलं. एका खिडकीत दोन काचा. त्यांच्या मधे बोटभर मोकळी हवा. चारी कडांनी पोकळ पट्टी, तिला स्पेसर म्हणतात. त्या पट्टीत ओल शोषून घेणारे दाणे, नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते ना, तसले. आणि सगळं चहूबाजूंनी डिंकासारख्या काळ्या मसाल्याने बंद. एकदा बंद केलं की ती जोडी जन्माची बंद. सुरतेहून तशीच तयार होऊन येते. आमचं काम ती चौकटीत बसवायची, रबर लावायचं आणि पुढे लोकांनी तिचे जे हाल करायचे ते निस्तरायचे!

आणि लोक हाल करतात हो! चौकटीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला दोन छोटी भोकं असतात. आत शिरलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं. दिवाळीला रंगारी आला की त्याला ती भोकं खुपतात. ठासून पुट्टी भरतो आणि वर रंग मारतो. घरधनी खूश, भिंत कशी गुळगुळीत दिसते! मग पाणी तुंबतं, काचेची खालची कड पाण्यात बसते, मसाला सुटतो, ओल आत शिरते, दाणे भरून जातात आणि एके सकाळी बाई फडकं घेऊन उभ्या. बाईंच्या खिडकीत हेच झालं होतं. धुकं आलं की जोडी बदलायची, दुसरा इलाज नाही. पण भोकं मोकळी ठेवलीत तर ती वेळच येत नाही. दिवाळी अंक हातात आहे तोवर उठा आणि एक खराट्याची काडी घालून बघा. मी थांबतो.

बघितलं? बरं.

तर असं सांगता सांगता माझं नाव 'काचेचा डॉक्टर' पडलं. खापरपासून खांडबाऱ्यापर्यंत लोक फोटो पाठवायचे आणि मी बसल्या जागी निदान सांगायचो. रबर आकसलं. बिजागरी बसली. मसाला सुटला. दहांतली नऊ निदानं बरोबर निघायची, त्यामुळे छाती अशी फुगली होती की विचारू नका. याच डॉक्टरने एका माणसाचं नाव मातीत घातलं, ती गोष्ट आज सांगायची आहे.

तापीकाठच्या एका गावात मगनभाई म्हणून गुजर शेतकरी आहेत. घरात गुजरी बोलतात, माझ्याशी अहिराणी. केळी, ऊस, कापूस, सगळं भरपूर. मुलगा पुण्याला नोकरीला. नवा बंगला बांधला तेव्हा मुलाने हट्टच धरला, माझी खोली एसीची आणि खिडक्या डबल काचेच्या पाहिजेत. कारण घर रस्त्याला लागून. साखर कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी वाजवत जातात, डबल काचेशिवाय डोळा लागायचा नाही. चार खिडक्या मी स्वतः उभा राहून बसवल्या. बाहेरची काच मगनभाईंना निळीच हवी होती, उन्हात चमकते म्हणून. मी म्हटलं, निळी काच ऊन फार पिते. ते म्हणाले, पिऊ दे की, घरमा पानी शे!

खोली झाली. मुलगा-सून दसऱ्याला चार दिवस राहून गेले. आणि मग त्या खोलीत काय भरलं असेल? कापूस! छताला लागेल इतका. आमच्याकडे ही रीतच आहे. वेचलेला कापूस लगेच विकायचा नाही. "भाव येऊ द्या, मंग इकसू." तोवर तो घरात. पाहुण्यांना ओसरीवर झोपवतील, पण कापसाला पक्की खोली. एसीची, डबल काचेची खोली मुलाला वर्षातून आठ दिवस आणि कापसाला चार महिने.

त्या खोलीची मोठी खिडकी पूर्वेला. समोर अंगण, त्यापुढे मगनभाईंचं दादरीचं शेत. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. कणसं भरायला लागली की पाखरं तुटून पडतात, म्हणून शेतात मचाणासारखा माळा बांधून राखण्या बसवतात. मगनभाईंचा राखण्या रायसिंग. सातपुड्यातला, धडगावच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. बारा हंगाम तो त्या एकाच शेताच्या राखणीला येत होता. गोफण अशी फिरवायचा की नुसतं बघत राहावं. गोफण सगळेच फिरवतात, पण रायसिंगचा दगड पाखराच्या पुढे दोन हात पडायचा, ठरवून. पाखरू मरायचं नाही, पण वळायचं. त्याचा माळा खिडकीपासून तीस-चाळीस पावलांवर, अगदी समोर.

जानेवारीतली गोष्ट. कडाक्याची थंडी. मी नंदुरबारला एका दवाखान्याच्या खिडक्या बसवत शिडीवर उभा होतो. मगनभाईंचा फोटो आला. पूर्वेच्या खिडकीच्या निळ्या काचेला वरून खाली नागमोडी तडा. मागची काच शाबूत. खाली विचारणा, "हाई कसं व्हयनं?"

मी शिडीवरूनच फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज भरून पाठवला, "मगनभाई, बाहेरून दगड लागलाय. बाहेरची फुटली, आतली शाबूत. दुसरं काही असूच शकत नाही!"

किती शब्द झाले? मोजून बघा. एवढ्या शब्दांत एका माणसाचा बारा वर्षांचा भरवसा संपला.

मगनभाईंना दगड म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? समोर माळा, माळ्यावर गोफणवाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर अख्खं गाव कॅन घेऊन उभं असताना त्यांनी रायसिंगला बोलावलं आणि सगळ्यांसमोर माझा आवाज वाजवला. दोनदा. रायसिंग म्हणाला म्हणे, "मी मारला असता तर बराबर मधोमध लागला असता."

झालं! लोकांना वाटलं, बघा, चोर तो चोर आणि वर शिरजोर. माफी मागायची सोडून नेमबाजीच्या बढाया मारतो! मगनभाईंनी त्याच दुपारी त्याला घालवलं. गावातल्या दुसऱ्या कुणी ठेवलं नाही, शेजारच्या गावातही नाही. घरांवर दगड मारतो म्हटल्यावर राखणीला कोण ठेवेल? घोंगडी आणि गोफण घेऊन तो डोंगरात परत गेला. हंगाम अजून महिनाभर बाकी होता.

हे सगळं मला दहा दिवसांनी कळलं, सुरतेहून जोडी आली आणि मी ती बसवायला गेलो तेव्हा. मगनभाईंनी हसत हसत सांगितलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? त्यांनी कापसाची गंजी मागे सारून जागा करून दिली होती. मी फुटलेली जोडी काढली, नवी बसवली, रबर दाबलं, चहा प्यायलो. दगड सापडला का, हे विचारलं नाही. काचेवर टोला कुठे आहे, हे पाहिलं नाही. निदान तर मी आधीच करून बसलो होतो! फुटलेली जोडी टेम्पोत टाकून शहाद्याला दुकानी आणली, कारण आतली काच चांगली होती. कुणाच्या तरी शोकेसला कापून लागेल म्हणून मागच्या भिंतीला उभी करून ठेवली. हे लक्षात असू द्या.

बारा दिवस गेले. सकाळी साडेनऊला फोन. मगनभाईंच्या घरच्या सविताबेन. आवाज चढलेला.

"सुभाषभाऊ, परत फुटनी! मी तठेच आंगन झाडी ऱ्हायनू. टण्ण करीसन आवाज वना. कोनीच नही, दगड नही, काही नही. आपली आपली फुटनी!"

तीच खिडकी, मी बसवलेली, ताजी. रायसिंग डोंगरात आणि काच फुटली!

मोटरसायकल अशी हाणली की सांगता सोय नाही. पोचलो, कुणाशी बोललो नाही, थेट खिडकीपाशी गेलो. निळ्या काचेला तोच नागमोडी तडा. दगड लागला की काचेवर एक टोल्याची जागा असते, तिथून चहूकडे रेघा फुटतात. इथे टोला नाही. बोट फिरवलं, कुठे टवका नाही. मग पटाशी घेतली आणि चौकटीचं रबर उपसायला लागलो. खरी गोष्ट नेहमी रबराखाली असते, हे मी पोरसवदा कारागिरांना हजारदा शिकवलंय! रबर निघालं, पट्टी निघाली, काचेची कड उघडी पडली आणि मी वाकून पाहिलं.

तडा कडेपासून निघाला होता. अगदी कडेपासून, चौकटीच्या आत लपलेल्या भागातून. पहिली दोन बोटं काटकोनात सरळ, सुतारानं गुण्या लावून आखल्यासारखा, आणि मग वाकडातिकडा. मंडळी, हा दगडाचा तडा नव्हे. हा तापाचा तडा!

मी ओरडलोच, "सविताबेन, इकडे या! मगनभाई, या, या, हात लावा!"

मगनभाईंचा हात धरून आधी चौकटीच्या कडेवर ठेवला. रात्रभराच्या थंडीने गार लोखंडासारखी. मग घरात नेलं. मी जाताच त्यांनी कापसाची गंजी परत खिडकीला टेकवली होती, थेट काचेला. मी म्हटलं, "आता कापूस आणि काच यांच्या मधे हात घाला." सविताबेननी हात घातला आणि "ओ माय!" म्हणून बाहेर काढला. तव्यावर पडल्यासारखा नाही, पण चांगलाच गरम!

आता बघा, किती सोपं आहे. सकाळचं ऊन थेट पूर्वेच्या खिडकीवर. निळी काच ऊन पिते. मोकळी खोली असती तर तो ताप घरात विरला असता. पण मागे कापूस, म्हणजे सरळ गोधडीच! ताप जाणार कुठे? काचेचा मधला भाग तापून फुगायला बघतो आणि कड चौकटीत गारठून आकसलेली. मधलं म्हणतं सरक, कड म्हणते नाही सरकत. या भांडणात कड हरते. टण्ण! दगड नको, माणूस नको, भूत तर नकोच. भट्टीत तापवून पक्की केलेली टफन काच असती तर तिने सोसलं असतं. ती घालायला हवी होती, आणि तीही चूक माझीच.

पण तेव्हा मला असा आनंद झाला होता की काय सांगू! पंचवीस वर्षांत असा तडा मी फक्त सुरतेच्या कारखानदाराकडून ऐकला होता, पाहिला नव्हता. कड हातात धरून मी लहान पोरासारखा नाचायचा बाकी होतो. आणि त्याच आनंदात एकदम आठवलं. पहिली जोडी! ती तर दुकानाच्या मागे उभी आहे!

परत शहादा. मागच्या भिंतीपाशी तीन शोकेसच्या काचा बाजूला केल्या, ती जोडी ओढून उन्हात आणली, काळा मसाला खरवडला. वरची कड. डाव्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर तडा सुरू. काटकोनात. सरळ दोन बोटं.

तिथेच पायरीवर बसलो. आनंद सगळा उतरला. कानात एकच वाक्य घुमायला लागलं, डेअरीवर म्हटलेलं. "मी मारला असता तर बराबर मधोमध लागला असता."

अहो, ती बढाई नव्हती! तो माणूस पुरावा देत होता! चाळीस पावलांवरून, माळ्यावर बसून त्याने पाहिलं होतं की काचेच्या मधे टोला नाही, तडा वरच्या कडेतून उतरलाय. गोफणवाल्याच्या नजरेला ते दिसलं आणि काचेच्या डॉक्टरला दिसलं नाही, कारण डॉक्टर शिडीवर उभा राहून फोनमधल्या दोन बोटांच्या फोटोशी बोलत होता. खरं सांगणारा एकच माणूस होता आणि त्यालाच आम्ही उद्धट म्हणून घालवला.

कोपऱ्याचा तेवढा तुकडा कापून फडक्यात गुंडाळला आणि मगनभाईंकडे परत गेलो. सगळं सांगितलं. मगनभाई आधी तापलेच.

"मंग तू काबरं सांगं, दगड शे म्हनीसन? आख्खा डेरीवर ऐकाडं मी!"

"मी दगड म्हटलं, मगनभाई. रायसिंग तुम्ही म्हटलं."

"तू दगड नही सांगता तं मी रायसिंग काबरं सांगतू?"

आम्ही दोघं बैठकीत बसून एकमेकांच्या गळ्यात चूक बांधत होतो आणि चहा गार होत होता. सविताबेन दारात उभ्या होत्या. बारा वर्षं रायसिंगची भाकर त्यांनीच शेतात धाडलेली. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी काढा. मी बी येस." आणि चप्पल घालून जीपमध्ये जाऊन बसल्यासुद्धा.

धडगावचा घाट चढून, दोनदा रस्ता विचारत पाड्यावर पोचलो. रायसिंग घराच्या मागे कूड बांधत होता. आम्हाला पाहून त्याने काम थांबवलं नाही. मगनभाई जीपपाशीच खोळंबले. मी पुढे गेलो आणि फडकं सोडून तो काचेचा तुकडा त्याच्यापुढे धरला.

त्याने हात धोतराला पुसले. तुकडा घेतला. कडेवरून अंगठा फिरवत नेला आणि जिथे तडा सुरू होतो तिथे बरोबर थांबवला.

"हे मी सांगितलं होतं," तो म्हणाला. आश्रमशाळेत शिकलेलं मराठी, आणि त्यांच्या बोलीत अहो-जाहो नसतं. "तू तेव्हा पाहिलं नव्हतं?"

"नाही भाऊ. नुसता फोटो पाहिला."

"आणि बोलला?"

"बोललो. चुकलो."

मगनभाई तोवर जवळ आले होते. मान खाली घालून म्हणाले, "रायसिंग, चाल घर. मन्ही चूक व्हयनी." सविताबेन रडतच होत्या.

रायसिंगने तुकडा माझ्या हातात परत दिला. "इथे बोलून काय उपयोग? इथे मला सगळे ओळखतात. जिथे तुझा आवाज वाजवला, तिथे ये. आणि फोनमधून नाही. तोंडाने."

तिसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर उभा राहिलो. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून लोंबकळताना मी भ्यालो नाही, तिथे भ्यालो. समोर तेच लोक, तेच कॅन. एका बाजूला रायसिंग, घोंगडी खांद्यावर. काचेचा तुकडा वर धरून मी मोठ्याने म्हटलं, "रायसिंगभाऊंनी काच फोडली नाही. काच कापसाच्या तापाने फुटली. तडा कडेपासून निघालाय. ते पहिल्याच दिवशी हे सांगत होते. मी न पाहता बोललो आणि तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकलं. मी चुकलो." तुकडा हातोहात फिरला. प्रत्येकाने कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. एक म्हातारेबाबा म्हणाले, "आरे, हाऊ तं खरंच कडले शे!" आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले, जो तो म्हणे मला तेव्हाच शंका आली होती.

त्या वर्षीची दादर तोवर कापायला आली होती, राखणीचं काम उरलं नव्हतं. रायसिंग चहा पिऊन परत गेला. जाताना मगनभाईंनी विचारलं, "पुढला साले येशी ना? माळा आते पल्याड, विहिरीकडे बांधू. खिडकीना समोर नको." तो फक्त "बघू" म्हणाला.

त्या खिडकीला तिसऱ्यांदा काच बसवली ती टफन, माझ्या पदरची. आणि तेव्हापासून फोटोवर निदान बंद. कुणी कितीही हुशारीने फोटो पाठवू द्या, माझं उत्तर एकच असतं, "येतो." लोक म्हणतात, सुभाषभाऊ म्हातारे झाले, पूर्वी पटकन सांगायचे. म्हणू देत.

गेल्या हिवाळ्यात मगनभाईंच्या बाकीच्या खिडक्यांची भोकं साफ करायला गेलो होतो. त्या तीन डबल काचेच्याच, पण टफन नसलेल्या, अजून साध्याच आहेत. खोलीत कापूस भरायचं काम चालू होतं, भाव यायचा होता! मी खिडकीतून बाहेर पाहिलं. दादरीची कणसं वर आली होती आणि शेतात नवा माळा उभा होता. विहिरीकडे नाही. त्याच जुन्या जागी, बरोबर खिडकीसमोर. सविताबेन म्हणाल्या, मगनभाई विहिरीकडे खड्डे खणायला लागले होते, रायसिंगने येऊन ते बुजवले आणि कुणाला न विचारता तिथेच बांबू रोवले.

तेवढ्यात माळ्यावरून आरोळी आली. रायसिंग उभा राहून हात हलवत होता. पाखरांसाठी नाही, आमच्यासाठी.

"ए मगनभाई! कापूस मागे घे! हातभर मागे! काचेला लागतोय!"

मगनभाईंनी मुकाट्याने गंजी मागे ओढली. मी चौकटीवर हात ठेवून पाहिला, मग काचेवर. अंतर बरोबर हातभर होतं. मी खिडकीतून रायसिंगला हात केला, त्याने मान हलवली आणि गोफण उचलून पाखरांकडे वळला.